मध्यम आकाराची की पूर्ण आकाराची पिकअप? रोजची ये-जा, वनमुक्काम आणि जबलपूरचा अनुभव

घर ते कार्यालय अशी रोजची ये-जा आणि सुटीच्या दिवशी नदीकाठी अथवा जंगलालगत तंबूतील मुक्काम, या दोन्हींसाठी एकच वाहन असावे, असा विचार करणाऱ्या कुटुंबांची नजर अलीकडे पिकअप गाड्यांकडे वळू लागली आहे. पुढे पाच जणांची बंदिस्त केबिन आणि मागे उघडा हौदा अशी रचना असलेल्या या गाड्या जगभरात प्रामुख्याने दोन आकारांत ओळखल्या जातात : मध्यम आणि पूर्ण. यापैकी कोणती निवडावी, या प्रश्नाचे उत्तर जाहिरातींपेक्षा गाडी जेथे चालणार आहे तेथील रस्ते, गाडी उभी करण्याची जागा आणि प्रत्यक्ष वाहून न्यावयाचे वजन यांवर अवलंबून असते. मध्य प्रदेशातील जबलपूर शहराचा अधारताल हा भाग त्या दृष्टीने उत्तम उदाहरण ठरतो.

अधारतालची पार्श्वभूमी

गोंडवनाच्या राणी दुर्गावती यांचे मंत्री आधारसिंह यांच्या नावावरून येथील तलावाला आणि त्यावरून वस्तीला अधारताल हे नाव मिळाले. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय याच भागात आहे. रिछाई औद्योगिक क्षेत्र आणि संरक्षण उत्पादनाचे कारखानेही येथून फार दूर नाहीत. त्यामुळे कारखाना, विद्यापीठ, रुग्णालय अथवा बाजारपेठ यांकडे रोज १० ते १५ किलोमीटर जाणे आणि तितकेच परत येणे हा येथील अनेकांचा नित्यक्रम आहे.

मुक्कामाच्या जागाही जवळच आहेत. भेडाघाट आणि नर्मदेवरील बर्गी धरणाचा जलाशय एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. कान्हा, बांधवगड आणि पेंच हे तिन्ही व्याघ्रप्रकल्प जबलपूरपासून साधारणतः १६० ते २०० किलोमीटरच्या टप्प्यात येतात. नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूरकडे येणाऱ्या मराठी पर्यटकांनाही हा परिसर परिचित आहे.

जबलपूरने पूर्वीच सोडवलेला प्रश्न

चारचाकी चालनाच्या गाड्यांचे जबलपूरशी असलेले नाते जुने आहे. येथील तोफगाडी कारखाना १९०४ मध्ये सुरू झाला, तर जबलपूर वाहन निर्माणीची स्थापना १९६९ मध्ये झाली. भारतीय लष्करासाठी निस्सान या जपानी कंपनीच्या परवान्याने तयार झालेली 'जोंगा' ही येथीलच गाडी. जबलपूर, आयुध निर्माणी आणि तोफगाडी या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. याच कंपनीच्या परवान्याने एक टन भार वाहणारा 'निस्सान कॅरिअर' हा छोटा ट्रकही जबलपुरात तयार होत असे. सैनिकांमध्ये तो 'वन टन' या नावाने ओळखला जाई.

या दोन गाड्यांमागील विचार आजच्या ग्राहकासाठी उद्बोधक आहे. अधिकारी, संदेशवहन, गस्त अथवा हलकी शस्त्रे यांसाठी जोंगा, तर शिधा, दारूगोळा आणि तुकडीचे सामान यांसाठी वन टन, अशी कामाची वाटणी होती. मोठी गाडी अधिक चांगली, असा सरसकट निकष नव्हता. काय वाहायचे, किती वाहायचे आणि कोणत्या वाटेने, हे आधी ठरवून मग गाडी ठरत असे.

जोंगाचे उत्पादन १९९० च्या दशकाअखेर थांबले. लष्कराच्या लिलावातून अनेक जोंगा खासगी व्यक्तींकडे गेल्या. दणकट बांधणीचे कौतुक कायम राहिले. मात्र चार लिटरच्या जवळपास क्षमतेच्या पेट्रोल इंजिनाचा इंधनखर्च आणि सुट्या भागांची टंचाई यांमुळे अनेक मालकांनी तीत डिझेल इंजिन बसवून घेतले. हौसेने घेतलेली मोठ्या इंजिनाची गाडी रोजच्या वापरात जड जाते, याचा हा धडा होता. जबलपूर वाहन निर्माणी २०२१ मध्ये झालेल्या पुनर्रचनेनंतर आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग झाली आहे.

दोन आकारांमधील नेमका फरक

भारतात १९८८ मध्ये आलेल्या टाटामोबाइलपासून पिकअप हे मुख्यतः मालवाहतुकीचे साधन राहिले. कुटुंबाच्या वापरासाठी पाच आसनी पिकअप देण्याचा प्रयत्न महिंद्राने २००७ मध्ये स्कॉर्पिओ गेटअवेद्वारे आणि त्यानंतर टाटाने झेनॉनद्वारे केला. २०१६ मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतीय बाजारात आली. व्ही-क्रॉसची सुरुवातीची किंमत १२.४९ लाख रुपये, तर हायलक्सची ३३.९९ लाख रुपये होती. व्ही-क्रॉस आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे, तर हायलक्स कर्नाटकातील बिडदी येथे तयार होते. या दोन्ही गाड्या जागतिक वर्गीकरणात मध्यम आकाराच्या मानल्या जातात.

पूर्ण आकाराच्या गाड्या म्हणजे अमेरिकेतील फोर्ड एफ-१५०, शेवरले सिल्व्हराडो, रॅम १५०० अथवा टोयोटा टंड्रा. या गाड्या भारतात तयार होत नाहीत. भारतात आयात होणाऱ्या नव्या मोटारीचे सुकाणू उजव्या बाजूस असणे आवश्यक आहे आणि पूर्णतः तयार अवस्थेत आयात केलेल्या गाडीवर सीमाशुल्कही मोठे असते. ऑस्ट्रेलियासारख्या देशात अशा गाड्यांचे सुकाणू उजवीकडे बसवून त्या विकल्या जातात. भारतातील ग्राहकाला मात्र गाडीच्या मूळ किमतीबरोबरच आयात, नोंदणी, विमा आणि पुढील अनेक वर्षे सुट्या भागांचा पुरवठा या सर्वांचा हिशेब करावा लागतो.

मापांतील फरक आकड्यांतून स्पष्ट होतो. हायलक्सची लांबी ५.३२ मीटर आणि रुंदी १.८५ मीटर आहे. व्ही-क्रॉसची मापे याच्या जवळपास आहेत. चार दरवाजांच्या, आखूड हौद्याच्या एफ-१५० ची लांबी सुमारे ५.८८ मीटर आणि आरसे वगळून रुंदी सुमारे २.०३ मीटर असते. बाहेर आलेले आरसे धरल्यास ही रुंदी २.४ मीटरच्या पुढे जाते.

गाडी उभी करण्याची जागा

भारतातील इमारतींमध्ये एका मोटारीसाठी सर्वसाधारणपणे २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरली जाते. मध्यम आकाराची पिकअप या जागेतून सुमारे ३० सेंटिमीटर बाहेर येते. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे ६५ सेंटिमीटर जागा उरते. पूर्ण आकाराची पिकअप मात्र जवळपास ९० सेंटिमीटर बाहेर येते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून ४७ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूस जेमतेम वीतभर जागा राहते. एवढ्या जागेत दार उघडून उतरणेही अवघड असते.

अधारतालच्या जुन्या वस्तीतील गल्ल्या, बाजारातील हातगाड्या आणि शाळा सुटण्याच्या वेळची गर्दी पाहता हा फरक रोज जाणवणारा आहे. दमोह नाका ते मदन महाल हा उड्डाणपूल ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. तथापि, उड्डाणपूल संपल्यावर गल्लीतील वळण आणि घराचे फाटक तेच राहते. पुणे, ठाणे अथवा नागपूर येथील गृहसंकुलांतही स्थिती याहून वेगळी नाही. म्हणून गाडी नोंदवण्यापूर्वी मोजपट्टीने घराची जागा मोजणे आणि चाचणीसाठी मिळालेली गाडी स्वतःच्या गल्लीतून फिरवून पाहणे हिताचे ठरते.

रोजच्या प्रवासाचा हिशेब

समजा, एखादी व्यक्ती दिवसाला ३० किलोमीटर याप्रमाणे वर्षातील ३०० दिवस प्रवास करते. हे अंतर ९,००० किलोमीटर होते. मध्यम आकाराची डिझेल पिकअप शहरात लिटरमागे ११ किलोमीटर आणि पूर्ण आकाराची पेट्रोल पिकअप ८ किलोमीटर चालते, असे गृहीत धरल्यास पहिलीला सुमारे ८१८ लिटर, तर दुसरीला १,१२५ लिटर इंधन लागेल. म्हणजे केवळ कार्यालयाच्या वाटेवर वर्षाला ३०० लिटरहून अधिक इंधनाचा फरक पडतो. त्या तुलनेत वर्षातून १० अथवा १५ रात्रींच्या मुक्कामासाठी होणारा प्रवास अल्प असतो.

मध्यम आकाराची गाडीही दोषरहित नाही. व्ही-क्रॉस आणि हायलक्स या दोन्हींच्या मागील चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. त्या भार पेलण्यासाठी योग्य असल्या, तरी हौदा रिकामा असताना खड्ड्यांवर गाडी उसळते. मागील भाग हलका असल्याने पावसात ओल्या रस्त्यावर मागील चाके घसरण्याची शक्यताही वाढते. गाडी पसंत करताना कुटुंबातील सर्वांना मागील आसनावर बसवून खराब रस्त्यावरून नेणे म्हणूनच आवश्यक आहे.

डिझेल गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे डिझेल गाड्यांच्या धूरनलिकेत काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिन पुरेसे तापून गाडी काही काळ सलग वेगाने चालावी लागते. रोज केवळ तीन-चार किलोमीटरचे अंतर थांबत-थांबत कापणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबण्याचा धोका असतो. कार्यालय अगदी जवळ असल्यास आठवड्यातून एकदा कटनी अथवा मंडला मार्गावर मोकळा फेरफटका मारणे गाडीच्या आरोग्यासाठी उपयुक्त ठरते.

मुक्कामासाठी हौद्याची लांबी

मुक्कामाच्या बाबतीत पूर्ण आकाराच्या गाडीचा खरा लाभ हौद्याच्या लांबीत आहे. मध्यम आकाराच्या, चार दरवाजांच्या पिकअपचा हौदा सुमारे दीड मीटर लांब असतो. मागील फळी बंद ठेवून त्यात प्रौढ व्यक्तीला पाय पसरून झोपता येत नाही. पूर्ण आकाराच्या गाड्या साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट लांबीच्या हौद्यांसह मिळतात. साडेसहा फुटांच्या हौद्यात, वर आच्छादन असल्यास, दोघांना आडवे होता येते. जड कॅराव्हान ओढण्याची क्षमताही या गाड्यांत अधिक असते. एफ-१५० चे काही प्रकार सहा टनांपर्यंतचा भार ओढू शकतात.

मात्र भारतात कॅराव्हान जोडून प्रवास करणारी कुटुंबे मोजकीच आहेत. हौद्यात झोपण्याऐवजी जमिनीवर तंबू लावल्यास लांबीचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे ज्या लाभासाठी मोठ्या गाडीचा विचार होतो, तो लाभ काही हजार रुपयांच्या चांगल्या तंबूने साधतो का, हे आधी तपासावे.

वजनाचा हिशेब

पिकअप कितीही भार वाहू शकते, हा समज धोकादायक आहे. प्रत्येक गाडीचे कमाल एकूण वजन नोंदणी प्रमाणपत्रावर नमूद असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्यावर जे उरते, त्यातच प्रवासी, सामान आणि नंतर बसवलेल्या सर्व वस्तू मोजाव्या लागतात. पाच आसनी खासगी प्रकारांत पाच माणसे बसल्यावर हौद्यासाठी उरणारा भार अनेकांच्या अपेक्षेपेक्षा कमी असतो.

चार जणांच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेता येईल. दोन प्रौढ व दोन मुले २२० किलो, हौद्यावरील आच्छादन ७० किलो, छतावरील तंबू ६० किलो, पिण्याचे व वापरायचे पाणी ६० किलो, शेगडी, भांडी व शिधा ४० किलो, अंथरूण-पांघरूण व कपडे ५० किलो आणि अवजारे व दोरखंड ४० किलो असे धरल्यास एकूण ५४० किलो होतात. यात पुढील अथवा मागील लोखंडी संरक्षक पट्ट्यांचे वजन धरलेले नाही.

यावरील उपाय सोपा आहे. पहिल्या सहलीपूर्वी गाडी पूर्ण भरून, सर्वांना बसवून, रस्त्यालगतच्या वजनकाट्यावर न्यावी. जबलपूरकडे यालाच धर्मकाटा म्हणतात. तेथे मिळालेली पावती नोंदणी प्रमाणपत्रावरील आकड्याशी पडताळावी. वजन अधिक भरल्यास मोठी गाडी घेण्याआधी सामान कमी करून पाहावे. जड वस्तू केबिनलगत आणि खालच्या बाजूस ठेवाव्यात. छतावरील भारामुळे वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. हौद्यात माणसे बसवून प्रवास करणे बेकायदा असून जीवघेणेही ठरू शकते.

काळी माती आणि पावसाळा

जबलपूर परिसरातील काळ्या मातीत पावसाळ्यात जड गाडी रुतते. अशा वेळी इंजिनाची शक्ती फारशी कामी येत नाही. गाडीचे वजन कमी असणे आणि टायर योग्य असणे अधिक उपयोगी पडते. रिकामी असतानाच दोन टनांहून जड असलेली गाडी चिखलात बसल्यास ती काढण्यासाठी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मोठी गाडी त्याहून अधिक खोल बसते.

व्ही-क्रॉस आणि हायलक्स यांतील चारचाकी चालन गरजेनुसार जोडावयाचे असते. चिखल, वाळू अथवा सैल खडी येथे ते जोडावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडून चालवल्यास यंत्रणेवर ताण येतो. हायलक्स ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. परंतु हा आकडा स्थिर पाण्याचा समजावा. पुराचे पाणी वाहत असलेला फरशी पूल, म्हणजे मध्य प्रदेशातील भाषेत रपटा, कोणत्याही आकाराच्या गाडीने ओलांडू नये.

नियम काय सांगतात

चालक परवान्याच्या बाबतीत दोन्ही आकारांत फरक पडत नाही. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली वाहने हलक्या मोटार वाहनांच्या वर्गात येतात आणि तो परवानाधारक या मर्यादेतील मालवाहू वाहनही चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे.

नोंदणीचा वर्ग मात्र काळजीपूर्वक पाहावा. काही पिकअप खासगी वाहन म्हणून, तर काही मालवाहू वाहन म्हणून नोंदल्या जातात. मालवाहू नोंदणी असल्यास योग्यता प्रमाणपत्र, विम्याचा वेगळा प्रकार आणि शहरातील प्रवेशाच्या वेळा यांचे बंधन येऊ शकते. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर न थांबता हा वर्ग लेखी घेणे योग्य.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात बदल घडवणारे फेरफार करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका अधोरेखित केली. त्यामुळे आच्छादन, उंची वाढवणारी जोडणी अथवा हौद्यात कायमस्वरूपी निवासव्यवस्था करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

वनक्षेत्रातील मुक्कामावरही निर्बंध आहेत. भारतीय वन कायदा, १९२७ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि आग पेटवणे हा गुन्हा आहे, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातील प्रवेश परवानगीने होतो. मध्य प्रदेशातील व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात बंद असते, आणि इतर वेळीही व्याघ्रदर्शनाची फेरी वन विभागाकडे नोंदणी केलेल्या वाहनातूनच होते. म्हणजे स्वतःची पिकअप कितीही सक्षम असली, तरी ती कान्हाच्या खटिया प्रवेशद्वाराशी अथवा बांधवगडच्या ताला येथे थांबणार आहे. तेथवरचा रस्ता बहुतांशी डांबरी आहे आणि तंबू लावण्याची जागा अधिकृत शिबिरात अथवा परवानगी देणाऱ्या खासगी जमिनीवर शोधावी लागते.

निवड कशी करावी

रोजचा प्रवास शहरातून, गाडी उभी करण्याची जागा मर्यादित आणि मुक्काम वर्षातून काही रात्रींचा, अशी स्थिती असल्यास मध्यम आकाराची पिकअप पुरेशी आहे. मोठे आवार, जड जोडगाडी नियमित ओढण्याची गरज, सलग अनेक आठवड्यांचा प्रवास आणि सुट्या भागांसाठी थांबण्याची तयारी या चारही गोष्टी असल्यासच पूर्ण आकाराच्या गाडीचा विचार सयुक्तिक ठरतो. शेतमाल अथवा व्यवसायाचे सामान वाहणे हाच मुख्य हेतू असेल, तर महिंद्रा बोलेरो कॅम्परसारखी साधी कामाची पिकअप या दोन्हींपेक्षा कमी खर्चात ते काम करते. आणि हौदा बहुतेक दिवस रिकामाच राहणार असेल, तर पिकअपऐवजी सामानासाठी बंदिस्त जागा असलेली साधी मोटार आणि एक तंबू हा पर्यायही खुला आहे.

गाडी ठरवण्यापूर्वी एक महिना रोजच्या प्रवासाची नोंदवही ठेवावी : किती किलोमीटर, किती माणसे, किती सामान आणि गाडी कोठे उभी केली. वर्षभरात मुक्कामाच्या रात्री किती झाल्या, हेही त्यात लिहावे. एकीकडे कार्यालयाचे ३०० दिवस आणि दुसरीकडे तंबूतील १० ते १५ रात्री, असा ताळेबंद समोर आला, की कोणत्या आकारासाठी कर्ज काढायचे अथवा काढायचे की नाही, हे कुटुंबाला ठरवता येते. जबलपुरात जोंगा आणि वन टन यांच्यातील निवड कामाच्या याच हिशेबाने होत असे.